चुकलेली तारीख, न चुकलेला बट नंबर

आठवीचं इतिहासाचं पुस्तक उघडलं की सुरुवातीलाच इतिहासाची साधनं भेटतात. भौतिक, लिखित, मौखिक. मौखिकच्या खाली ओव्या, लोकगीतं, पोवाडे, लोककथा अशी यादी असते. मुलं ती घोकतात, दोन गुणांच्या प्रश्नात उतरवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या ज्या इमारतीत हे घोकणं चालू असतं, तिच्याच दुसऱ्या मजल्यावर एखादं मौखिक साधन सकाळची गोळी घेतली की राहिली यावर बायकोशी हुज्जत घालत बसलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. १९७१ साली ते विशीत होतं आणि सरहद्दीवर किंवा समुद्रात होतं.

या आजोबांना आज वार कोणता ते विचारलं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतील. त्यांना त्यांचा आर्मी नंबर विचारा. मधे श्वासही न घेता सगळे आकडे बाहेर येतील. रायफलचा बट नंबर विचारा, तोही येईल. कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, रोज तो आकडा सांगून रायफल घ्यायची आणि संध्याकाळी जमा करायची. हा नित्यक्रम सुटून कित्येक दशकं झाली, रायफल कधीच भंगारात गेली असेल, पण आकडा जागेवर आहे.

हे कसं होतं? मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे आणि त्यातून निघालेली गोष्ट चकित करणारी आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्या सगळ्या वयांतून सारख्या येत नाहीत. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग मोठा निघतो. आलेख काढला तर तिथे चक्क उंचवटा दिसतो. पहिली नोकरी, पहिलं घराबाहेर पडणं, पहिलं मरण डोळ्यांसमोर पाहणं, आपण कोण आहोत हे ठरणं, सगळं त्याच वर्षांत घडतं म्हणून असं होत असावं, असा एक अंदाज आहे. आता फौज माणसाला कुठल्या वयात उचलते ते पाहा. अठरा ते पंचवीस. म्हणजे ज्या वयातलं माणूस सर्वांत पक्कं लक्षात ठेवतो, नेमकं त्याच वयात त्याला युद्धात उभं केलं जातं. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला योग कुणी जुळवून दिला नसता.

पण लगेच हुरळून जायला नको. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांत फुटलं. दुसऱ्याच दिवशी एमरी विद्यापीठातल्या उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितली, काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्याच विद्यार्थ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरं साफ बदलली होती आणि ती ते अत्यंत खात्रीनं देत होते. खरी गंमत पुढेच आहे. त्यांना त्यांच्याच हातचे जुने कागद दाखवले, तेव्हा काहींनी अक्षर आपलंच असल्याचं कबूल केलं, पण घडलं तसं नव्हतं, हेही ठासून सांगितलं.

म्हणजे विशीतली आठवण पक्की असते हे खरं, आणि खात्री म्हणजे अचूकपणा नव्हे हेही तितकंच खरं. बट नंबर बरोबर येतो कारण तो शेकडो वेळा उच्चारलेला असतो. चकमक सोमवारी झाली की बुधवारी, डोंगर डावीकडे होता की उजवीकडे, मेलेला सोबती आधी पडला की तोफगोळा आधी आला, हे एकदाच घडलेलं असतं आणि नंतर शंभरदा सांगितलेलं असतं. दर खेपेला सांगताना ते थोडं नव्यानं रचलं जातं. मग अशा साक्षीदाराला वर्गात बोलवायचं कशाला?

हा प्रश्न मराठीला नवा नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली ती आजही वाचण्यासारखी आहे. एका बाजूला पानिपतापूर्वीच्या काळातली अस्सल पत्रं, दुसऱ्या बाजूला ऐकीव गोष्टींवरून रचलेल्या बखरी. तारखा कुठे चुकल्या, माणसं कुठे इकडची तिकडे झाली, घटनांचा क्रम कसा उलटला, ते त्यांनी दाखवून दिलं. तेव्हापासून मराठी इतिहासात अस्सल कागदाला मान आणि ऐकीव गोष्टीला संशय, असा शिरस्ता पडला. तो पडायलाच हवा होता. पण म्हणून भाऊसाहेबांची बखर कुणी नदीत सोडली नाही. पानिपतावर काय घडलं यासाठी पत्रं पाहावी लागतात. पानिपत घडून गेल्यावर मराठी माणसं त्याबद्दल आपापसांत काय बोलत होती, कुणाला दोष देत होती, कुणासाठी हळहळत होती, हे मात्र बखरीतच सापडतं. आणखी मागे गेलं तर गोतसभेतले मजहर आहेत. वतनाचा तंटा निघाला की गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावून त्यांची साक्ष घ्यायची, ती लिहून काढायची आणि खाली कुणब्यानं नांगराची निशाणी करायची. तोंडी साक्षीचा कागद कसा करायचा हे आपल्याकडे शिकवायला लंडनहून कुणाला यावं लागलं नाही. तिथल्या युद्धसंग्रहालयानं सैनिकांचे आवाज टेपवर घ्यायला पद्धतशीर सुरुवात केली ती १९७२च्या सुमारास.

आता एक असं प्रकरण घेऊ ज्यात कागद उरलाच नाही.

९ डिसेंबर १९७१. मुंबईहून निघालेली भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात ‘किरपाण’ या जोडीदार नौकेबरोबर पाणबुडीचा माग काढत होती. रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीनं तिच्यावर टॉर्पेडो सोडला आणि काही मिनिटांत ती पाण्याखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी ‘कछाल’ या नौकेनं पाण्यातून काढलं. स्वतंत्र भारतानं लढाईत गमावलेली ही पहिली युद्धनौका.

नौकेवरचा लॉग, म्हणजे क्षणाक्षणाची नोंदवही, नौकेबरोबरच बुडाला. त्या शेवटच्या मिनिटांत आत काय झालं याबद्दल आज आपल्याला जे काही ठाऊक आहे ते त्या सदुसष्ट माणसांच्या तोंडून आलेलं आहे. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला माणसांना समुद्रात उड्या मारायला लावत होते, स्वतःचं लाइफ जॅकेट त्यांनी दुसऱ्याला दिलं, शेवटी ते आपल्या खुर्चीवर बसलेले दिसले. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून दीवच्या स्मारकापर्यंत सगळीकडे पोहोचलेलं हे चित्र काळोखात, तेल पसरलेल्या पाण्यात जिवाच्या आकांतानं पोहणाऱ्या काही जणांनी मागे वळून पाहिलं म्हणून आपल्यापाशी आहे. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, तेही याच साक्षींच्या आधारावर. मला हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा काही वेळ दुसरं काही सुचलं नाही.

या वाचलेल्यांना शोधून, त्यांच्याशी बोलून मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ साली एक पुस्तक केलं. कार्डोझो मूळचे मुंबईचे, जन्म १९३७चा. गुरखा पलटणीचे अधिकारी. त्याच युद्धात सिल्हेटमध्ये सुरुंगावर पाय पडला आणि चिंध्या झालेला तो पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीनं तोडला. पुढे कृत्रिम पाय लावून त्यांनी पलटण आणि ब्रिगेडही सांभाळली. त्यामुळे साक्ष घेणारा आणि साक्ष देणारा दोघेही युद्धातून आलेले. अशा दोघांचं बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं, काही गोष्टी विचाराव्याच लागत नाहीत.

दुसऱ्या बाजूचाही साक्षीदार होता. ‘हंगोर’चे कमांडर अहमद तस्नीम पुढे पाकिस्तानी नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल झाले आणि त्यांनी आपली हकिकत लिहून, बोलून ठेवली. एक टॉर्पेडो चुकला, दुसरा लागला, असं ते सांगतात. पाण्यातल्या माणसांनी ऐकलेले स्फोट आणि पाणबुडीत मोजलेले स्फोट यांचा हिशेब जुळवायला बसलं तर डोकं चालवावं लागतं. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न आहे ‘खुकरी’ इतकी संथ का चालली होती हा. लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण अधिकाऱ्यानं पाणबुडी दुरून ऐकू यावी म्हणून सोनारमध्ये सुधारणा केली होती आणि ती वापरायची तर वेग कमी ठेवावा लागे. जैनही त्या रात्री गेले. वेग कमी ठेवणं बरोबर होतं का, यावर नौदलातल्या जाणत्यांचं आजही एकमत नाही.

हा सबंध मामला नववी-दहावीच्या वर्गात घेऊन पाहावा. अर्ध्या वर्गाला वाचलेल्यांच्या हकिकती द्यायच्या, अर्ध्या वर्गाला तस्नीम यांची. मग फळ्यावर एकच वेळापत्रक लिहायचं, मिनिटागणिक. पहिल्या दहा मिनिटांत भांडणं सुरू होतील आणि इतिहास म्हणजे काय हे त्या भांडणात जेवढं कळेल तेवढं ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’ या दहावीच्या धड्याचे मुद्दे पाठ करून कळत नाही. धडा चांगला आहे, फक्त तो एकट्यानं वाचण्यासाठी नाही.

चूक ही स्वतःच पुरावा असू शकते, हे इटलीच्या अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी फार सुंदर दाखवलं. तेर्नी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात १७ मार्च १९४९ रोजी लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. इटलीनं नाटो करारात जाऊ नये म्हणून निघालेला तो मोर्चा होता. तीसेक वर्षांनी पोर्तेल्लींनी गावातल्या म्हाताऱ्या कामगारांना विचारलं, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ साली झाल्याचं सांगितलं, कारखान्यातली मोठी कामगारकपात आणि त्यावरचे दंगे झाले त्या वर्षी. इतक्या जणांची एकच चूक कशी होईल? पोर्तेल्लींचं म्हणणं असं की एका जवान पोराचं मरण गावाला कुठल्याशा दूरच्या करारापायी वाया गेलेलं सोसवत नव्हतं. म्हणून गावानं ते उचलून आपल्या सर्वांत मोठ्या लढ्यात नेऊन ठेवलं. तारीख चुकली, पण त्या चुकीनं गावाचं मन सांगितलं, आणि ते कुठल्याही पोलीस ठाण्याच्या डायरीत नव्हतं.

असा प्रयोग आपल्या उपनगरांत करायचा तर तेर्नीला जायची गरज नाही. अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीतल्या कुठल्याही मुलाला गृहपाठ द्या : घरात किंवा शेजारी साठीच्या पुढचं जे कुणी डिसेंबर १९७१मध्ये मुंबईत होतं, त्यांना ब्लॅकआउटबद्दल विचारून या. काचांवर चिकटवलेले काळे किंवा खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, भोंगा वाजला की बंद होणारे दिवे, ‘अरे बत्ती बंद कर’ म्हणून गल्लीतून ओरडत फिरणारी स्वयंसेवक पोरं. हे बहुतेक सगळे सांगतील. त्यानंतर काही जण सांगतील की आम्ही शत्रूची विमानं डोळ्यांनी पाहिली. कुणी तोफांच्या लाल रेषा पाहिल्याचं सांगेल, कुणी बॉम्बचा आवाज ऐकल्याचं. त्या युद्धात मुंबईवर बॉम्ब पडलेला नाही. मग ही माणसं खोटं बोलतात का? मुळीच नाही. काळोख्या शहरात गच्चीवर उभं राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलीला आकाशात काय दिसलं, त्यात भोंगा किती, शेजारच्या काकांचं बोलणं किती आणि पुढे पाहिलेला सिनेमा किती, हे वेगळं करत बसणं हाच अभ्यास आहे. आणि गृहपाठ देताना एक धोका आधीच सांगून ठेवतो. दोन आज्या एकाच गच्चीवर होत्या आणि दोघींनी वेगवेगळं पाहिलं, असं निघालं की घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही.

उपनगरं म्हणजे युद्धापासून लांब, दळणाच्या गिरण्या आणि लोकलची गर्दी, असा एक समज आहे. नकाशा काढून बसलं की तो टिकत नाही. मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर नौदलाचा ‘हमला’ हा तळ आहे. घाटकोपरला नौदलाची भांडारं आहेत. कांदिवली-मालाडच्या बाजूला लष्कराचा मोठा ऑर्डनन्स डेपो आहे. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझच्या धावपट्टीवर ब्रिटिश हवाई दलाची विमानं उतरत. म्हणून साक्षीदार कोण, याची व्याख्याही इथे रुंद करावी लागते. तोफ डागणारा साक्षीदार आहेच. भांडारात रात्रपाळीला सुटे भाग मोजून पेट्यांवर शिक्के मारणारा बिगरलष्करी कारकूनही आहे. त्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही, त्यामुळे त्याची आठवण सांगून सांगून गुळगुळीत झालेली नाही. माझ्या मते तो पहिल्या क्रमांकाचा साक्षीदार आहे.

साक्ष कुणासमोर दिली यानंही ती बदलते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशांनी काम थांबवलं. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ, पगारातला भेद आणि त्याखाली धुमसणारं स्वातंत्र्याचं वारं. पाहता पाहता सत्तरहून अधिक जहाजं आणि वीस हजारांच्या आसपास खलाशी त्यात ओढले गेले. वर्सोवा आणि मार्वेच्या तळांवरचे खलाशीही त्यात होते. शहरात गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसं मेली, परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. या उठावाबद्दल दोन प्रकारच्या साक्षी आहेत. एक, त्याच वर्षी सरकारी चौकशी आयोगापुढे झालेल्या. तिथे समोर मोठे अधिकारी, मागे नोकरी जाण्याची आणि तुरुंगाची भीती. घटना ताजी, पण जीभ बांधलेली. दुसरी, उठावातले एक प्रमुख खलाशी बी. सी. दत्त यांची. भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल त्यांना उठावाआधीच पकडलं होतं. त्यांनी आपल्या आठवणी पुस्तकरूपानं प्रसिद्ध केल्या त्या १९७१ साली, पंचवीस वर्षांनी. जीभ मोकळी, पण घटना जुनी. यातली खरी कुठली, असा प्रश्न वर्गात टाकला की मुलं एकीची निवड करतात. मग त्यांना विचारायचं : जेवणात खडे होते हे आयोगापुढे सांगणं सोपं होतं की आम्हाला स्वराज्य हवं होतं हे सांगणं? आणि पंचवीस वर्षांनी, स्वराज्य आल्यावर, यातलं काय जास्त आठवलं असेल?

वर्गात माजी सैनिकाला बोलावण्याची आपल्याकडची पद्धत मात्र साक्षीला मारक आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, परिचय करून देणाऱ्याचं स्वतःचंच वीस मिनिटांचं भाषण, मग माइक आणि समोर सभागृहात पाचशे मुलं. असा मान दिला की बिचारा माणूस साक्षीदार राहतच नाही, प्रमुख पाहुणा होतो. प्रमुख पाहुणे देशप्रेमावर बोलतात, शिस्तीवर बोलतात, आजच्या तरुण पिढीवर तर बोलतातच. आपल्या बंकरमध्ये पावसाचं पाणी कुठून गळत होतं यावर बोलत नाहीत. त्यांना पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात आणावं, साधी खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि फळ्याचा खडू हातात द्यावा. खडू महत्त्वाचा. ‘काका, तुमचं ठाणं कुठे होतं ते काढून दाखवता?’ म्हटलं की हात आधी चालतो, तोंड मागून. नाला येतो, झाड येतं, ‘इथे आमचा नायक होता’ म्हणून एक टिंब येतं. जी गोष्ट शब्दांत सांगताना त्यांनी वर्षानुवर्षं गाळली होती, ती नकाशावर जागा भरायची म्हणून पुढे येते.

प्रश्नांचंही तंत्र आहे. ‘तुम्हाला भीती वाटली का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, नाही. ‘त्या रात्री जेवायला काय होतं?’ असं विचारलं की लंगर कुठे होता, जेवण पुढे कोण घेऊन आलं, ते पोहोचलं की नाही, मग शकरपारे आणि चण्यांवर किती दिवस काढले आणि त्या दिवसांत काय काय झालं, असं सगळं उलगडत जातं. मुलं एक प्रश्न विचारणारच असतात, तुम्ही किती जणांना मारलंत हा. काही शिक्षक तो आधीच बंद करून टाकतात. मला ते पटत नाही. पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं की हा प्रश्न येईल आणि उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कुणी विषय बदलतो, कुणी गप्प बसतो, कुणी म्हणतो की अंधारात कुणाची गोळी कुणाला लागली ते कुणालाच कळत नाही. तिन्ही गोष्टी मुलांनी वहीत टिपून घ्याव्यात. आणि बोलता बोलता घरात अस्खलित मराठी बोलणारा हा माणूस एकदम फौजी हिंदीत शिरतो. तेव्हा मधे बोलू नये, तो तिथे पोहोचला आहे. ‘ओसा’ जातीच्या रशियन क्षेपणास्त्र-बोटींवरच्या नौसैनिकांनी तर प्रशिक्षण व्लादिवोस्तोकला घेतलं होतं. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री या बोटींनी कराचीवर हल्ला केला, तेव्हा शत्रूला गोंधळात पाडण्यासाठी वायरलेसवर रशियन बोलली गेल्याचं सांगितलं जातं. त्यांतला एखादा आज मुलुंडला राहत असेल आणि रशियनमध्ये आकडे मोजून दाखवेल, तर तो तास मुलं जन्मात विसरणार नाहीत.

साक्ष फक्त लढणाऱ्याचीच असते असंही नाही. विलेपार्ल्याचे कॅप्टन विनायक गोरे १९९५ साली काश्मीरमध्ये शहीद झाले. पार्ल्यात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. त्यांच्या आई अनुराधा गोरे शिक्षिका. त्यांनी सैन्याविषयी मुलांसाठी आणि पालकांसाठी पुस्तकं लिहिली आणि शाळाशाळांतून त्या बोलत राहिल्या. हुतात्म्याची आई ही रणांगणावर हजर नसते, पण युद्धाचा सर्वांत लांबणारा भाग तिच्या घरात घडतो.

आणि साक्ष घेतल्यावर ती ठेवायची कुठे? फोनमध्ये ठेवली तर फोनबरोबर जाते. दहिसरला ‘स्पॅरो’ ही संस्था आहे. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी १९८८ साली स्त्रियांच्या जीवनाचा ध्वनी आणि चित्रांचा संग्रह म्हणून ती सुरू केली. विषय लष्कराचा नाही, पण माणसाचं बोलणं कसं रेकॉर्ड करावं, लिहून काढावं आणि जपावं, याचा इतका अनुभव उपनगरात हाताशी असताना शाळेनं नव्यानं चुका करत बसू नये. सांगणाऱ्याची लेखी परवानगी, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख आणि नाव, दोन ठिकाणी प्रती, आणि शब्दन् शब्द लिहून काढणं. अडखळणं, ‘म्हणजे बघा’, ‘काय ते’ हे सुद्धा. माणूस कुठे अडखळला हे फार बोलकं असतं.

कागद आणि जीभ यांच्या या खटल्यात आपल्याकडे एक अडचण आहे. कागद बऱ्याचदा कुलपातच असतो. १९६२च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अधिकृतपणे अजून खुला झालेला नाही. २०२१ साली संरक्षण मंत्रालयानं धोरण जाहीर केलं की युद्धांच्या नोंदी साधारण २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात. चांगली गोष्ट आहे. पण १९६२ला लढलेला जवान आज ऐंशीच्या पुढे आहे, त्याला कुलूप उघडेपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

उलट कधी कधी जीभ असं काही सांगते की कागद शोधायला पळावं लागतं. कार्डोझो आपल्या व्याख्यानांत सांगतात की सिल्हेटला त्यांची एकच पलटण हेलिकॉप्टरनं उतरली होती, पण बीबीसीनं चुकून गुरखा ब्रिगेड उतरल्याची बातमी दिली. पाकिस्तानी अधिकारीही बीबीसी ऐकत होते, हे ओळखून पलटणीनं आपली माणसं मुद्दाम इतकी पसरून ठेवली की ती ब्रिगेडच वाटावी. हजारोंची फौज शरण आली तेव्हा समोर मूठभर माणसं पाहून ती थक्क झाली. ही गोष्ट ऐकून वर्ग टाळ्या वाजवतो. टाळ्या झाल्यावर शिक्षकानं हळूच विचारावं, ही बातमी खरंच लागली होती का ते कुठे पाहता येईल? शत्रूच्या बाजूचं कुणी यावर लिहिलं असेल का? आणि मूठभर म्हणजे नेमके किती?

शेवटी सिनेमा. तो प्रत्येक साक्षीत घुसतोच, विशेषतः १९९७ साली ‘बॉर्डर’ आल्यापासून. त्यात दाखवलेल्या लोंगेवालाच्या लढाईला न गेलेल्या जवानांच्या आठवणीतही लोंगेवालाची वाळू उडते. कारगिल तर टीव्हीवरच घडलं, तिथे स्वतः पाहिलेलं आणि पडद्यावर पाहिलेलं यांची इतकी सरमिसळ आहे की सांगणाऱ्यालाही सांधा सापडत नाही. याला एक उपाय आहे आणि तो बहुतेक वेळा लागू पडतो. सिनेमाचा विषय टाळायचा नाही, आपणच काढायचा. ‘काका, बॉर्डर पाहिलात? त्यात काय चुकीचं दाखवलंय?’ इतकं विचारायचं आणि बाजूला व्हायचं. आधी युनिफॉर्मच्या पट्ट्या निघतात, मग रणगाडे, मग असा ओरडून हुकूम द्यायला रणांगण म्हणजे काय नाटकाचा तालीम-हॉल आहे का, आमच्या सुभेदारसाहेबांचा आवाज तर त्या रात्री चढलाच नाही, ते असं म्हणाले... तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा होते आणि एकही पोरगं डब्याला हात लावत नाही.